पोट साफ करायच्या गोळीने वजन उतरतं का?

या महिन्याचा आरोग्याचा धडा जरा नाजूक आहे, पण बैठकीत नक्की वाचून दाखवा.

‘जाड झालीस’, ‘कोण करून घेईल तुला?’ असं ऐकून काही मुली जेवण तोडतात. मग भुकेने एकदम खूप खाल्लं जातं आणि भीतीपोटी जुलाबाच्या गोळ्या किंवा सोनामुखीचं चूर्ण घेतलं जातं, तेही लपून. ही थेरं नाहीत, हा खाण्याशी जोडलेला मानसिक आजार आहे. तो मोठ्या बायकांनाही होतो.

अन्नातलं सत्त्व मुख्यतः लहान आतड्यात शोषलं जातं. या गोळ्या काम करतात मोठ्या आतड्यावर. म्हणजे जुलाबातून जातं ते पाणी आणि क्षार. काटा खाली येतो, पाणी प्यायलं की परत वर. 1983 च्या एका अमेरिकन अभ्यासात भरपूर जुलाब होऊनही कॅलरी कमी झाल्या सुमारे 12 टक्केच! उलट पोटॅशियम घटलं की पायात गोळे येतात, हृदयाचे ठोके बिघडतात, जिवावरही बेतू शकतं.

मग सवय सुटते कशी? समुपदेशक अशी पावलं टाकतात:

1. वही ठेवणं. काय खाल्लं, गोळी कधी घेतली, त्याआधी मनात काय चाललं होतं, ते लिहायचं.
2. वेळेवर खाणं. तीन जेवणं आणि मध्ये थोडं काहीतरी. उपाशी राहणं बंद.
3. इच्छा झाली की थांबणं. अर्धा तास दुसरं काम, कुणाशी बोलणं. लाट ओसरते. गोळ्या घरात ठेवायच्या नाहीत.
4. वजन आठवड्यातून एकदाच. रोज काट्यावर उभं राहायचं नाही.

गोळ्या सोडल्यावर काही दिवस, कधी काही आठवडे, पोट फुगतं, अंगावर सूज येते, वजन वाढल्यासारखं वाटतं. ते पाणी असतं, चरबी नाही. नेमकं इथेच घाबरून परत गोळी घेतली जाते, म्हणून हे आधीच सांगून ठेवा. बरेच दिवस गोळ्या घेत असेल, तर त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सोडाव्यात.

चक्कर, धडधड किंवा खूप अशक्तपणा असेल तर लगेच दवाखाना गाठा. मनाचं बोलायला टेलि-मानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास.

आणि बैठकीत एक ठराव करू या का? कुणाच्याही लेकी-सुनेच्या अंगावरून बोलायचं नाही.