दिल्लीला निघण्याआधी

अंधांच्या राष्ट्रीय अधिवेशनाला यंदा आपल्या अंधशाळेची मुलं न्यायचं ठरलं, हे ऐकून बरं वाटलं. तू फोनवर म्हणालास, "सर, काय काय लागेल त्याची यादी द्या." सामानाची यादी तुझी तू करशीलच. मी सांगतो ती यादी वेगळी आहे. निघायच्या महिनाभर आधी एक वही घे आणि प्रत्येक मुलाची कामं दिवसभरात दुसरं कोण करतं ते लिहून काढ. बुटाची नाडी कोण बांधतं, भात कोण कालवून देतं, पैसे कोण मोजतं, "इकडे ये रे" म्हणत दंड धरून कोण ओढतं. मग त्यातलं एकेक काम त्या मुलाच्या हातात दे. अधिवेशनाची तयारी म्हणतात ती हीच. तिथे आजूबाजूची बहुतेक माणसं आपल्यासारखीच अंध असतात. "कुणीतरी बघेल" या भरवशावर तिथे एक दिवसही निघत नाही.

आणि तुला स्वतःला बजावून ठेवतो. तुला थोडंफार दिसतं, त्यामुळे सगळं तूच करायला धावशील. हात मागे बांधून उभं राहायला शीक.

पालकांची सभा आधी घे

घरचे तयार नसतील तर मुलाची तयारी वाया जाते. आई विचारणारच, "पडला तर?" पडेल, खरचटेल, उठेल, असं सरळ सांग. मग त्यांच्याकडून एक कबूल करून घे: आजपासून ताट वाढायचं, पण कालवून द्यायचं नाही. ताटाचं घड्याळ मुलांना येतंच. बाराला आमटीची वाटी, तीनला भाजी, सहाला भात. घरी मात्र कुणी ते वापरत नाही. अधिवेशनात बहुधा बुफे असतो, म्हणून शाळेच्या भोजनगृहात रविवारी रांग लाव. काठी घडी करून मनगटाला अडकवायची, एका हातात ताट, दुसरा हात मोकळा. वाढणाऱ्याला विचारायचं, "काय आहे? कुठे वाढताय?" पाणी ओतताना पेल्याच्या काठाच्या आत बोटाचं पेर ठेवायचं. गरम चहाला ते चालत नाही. तिथे भरत आल्याचा आवाज आणि पेल्याचं वजन ओळखायचं, अर्धा कपच घ्यायचा.

काठी: सगळ्यात जास्त वेळ इथे दे

मोकळ्या रस्त्यावर चालणं मुलांना येतं. डावा पाय पुढे तेव्हा काठी उजवीकडे, उजवा पुढे तेव्हा डावीकडे. पण अधिवेशनाच्या दारात हे जमत नाही. जेवणाची सुट्टी झाली की शेकडो माणसं एकाच दरवाजाकडे निघतात आणि काठ्या एकमेकींत अडकतात. अशा वेळी काठी पेन्सिलीसारखी धरायची, मूठ खाली सरकवून, जवळजवळ उभी, टोक आपल्या पायापुढे वीतभरच. अडकली तर वर उचलायची नाही. वर उचललेली काठी दुसऱ्याच्या तोंडाला लागते. टोक जमिनीवरच ठेवून सरळ मागे ओढायची. दारात थांबायची वेळ आली तर मोठ्याने म्हणायचं, "दारात उभा आहे." प्रत्येक धडकेला सॉरी म्हणत बसलं तर रांग हलतच नाही, एकदा म्हणायचं आणि पुढे सरकायचं.

याची तालीम शाळेतच होते. लांब व्हरांड्यात अर्धी मुलं या टोकाला, अर्धी त्या टोकाला उभी कर, घंटा दे, आणि दोघांनाही एकाच वेळी पलीकडे जायला सांग. पहिल्या दिवशी रडारड होईल. चौथ्या दिवशी मुलं आपण होऊन डावी बाजू धरून चालायला लागतील.

काठीच्या उंचीवरून तिथे वाद ऐकू येतील. आपण छातीच्या हाडापर्यंत येईल अशी घेतो. अमेरिकेत 1940 साली स्थापन झालेल्या नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडची माणसं हनुवटीपर्यंत, काही नाकापर्यंत लांब काठी वापरतात. पुढचं लवकर कळतं आणि भरभर चालता येतं, असं त्यांचं म्हणणं. मुलांना दोन्ही हाताळू दे. खुर्चीत बसल्यावर काठी येण्याजाण्याच्या वाटेत टाकायची नाही, घडी करून मांडीवर किंवा खुर्चीखाली. सगळ्यांच्या काठ्या सारख्याच, म्हणून प्रत्येकाने मुठीला वेगळी खूण करावी: लोकरीचा धागा, सुतळीची गाठ, चिकटपट्टीचे दोन वेढे. पिशव्यांनाही तेच.

गाडी आणि मेट्रो

रेल्वेने दिलेलं सवलतीचं ओळखपत्र आणि दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड, दोन्ही बरोबर हवीत. रेल्वेचं कार्ड एका दिवसात मिळत नाही, आजच अर्ज कर. पूर्ण अंध प्रवाशाला आणि त्याच्या सोबत्याला स्लीपर आणि थर्ड एसीला 75 टक्के सवलत आहे. राजधानीच्या थर्ड एसीला 25 टक्केच. अल्पदृष्टी असलेल्या मुलांसाठी ही सवलत नाही, त्यांच्या पूर्ण भाड्याची तजवीज आधी कर.

मुंबईच्या लोकल स्टेशनांवर अपंगांचा डबा थांबतो तिथे बीप वाजते, मुलांच्या कानांना तिची सवय आहे. लांबच्या गाडीला ती नसते. डबा कुठे येणार हे हमालाला किंवा शेजारच्याला विचारायला लाव, तू विचारू नकोस. डब्यात चढलं की बर्थचा ब्रेल नंबर शोधायचा, मग तिथपासून संडासापर्यंतचे कप्पे मोजत एकदा जाऊन यायचं, गाडी सुटायच्या आत.

दिल्लीच्या मेट्रोत मुलं रमतील. पिवळ्या फरशीवर लांब रेघा असल्या तर चालत राहायचं, गोल उंचवटे लागले की थांबायचं. हिंदी उद्घोषणा पुरुषाच्या आवाजात, इंग्रजी बाईच्या. दरवाजे कुठल्या बाजूला उघडणार हेही त्यात येतं, म्हणून गप्पा बंद. पहिला डबा बायकांचा असतो, मुलींना तिथे बसायचं असेल तर बसू दे.

खोली आणि पैसा

खोलीत गेल्यावर आधी दार. दारापासून उजव्या हाताने भिंत धरून एक फेरी: कपाट, खिडकी, पलंग, बटणं, न्हाणीघर, पुन्हा दार. मग न्हाणीघराची वेगळी फेरी. गरम पाण्याचा नळ कुठला ते थंड असतानाच शोधायचं. लिफ्टपासून आपलं दार कितवं ते मोजायचं आणि कडीला रबरबँड लावायचा. तेलाच्या बाटलीला एक रबर, शांपूला दोन.

पैशाचा सराव खऱ्या नोटांवर कर. शंभर, दोनशे, पाचशे या तिन्ही नोटा 66 मिलिमीटर रुंद; लांबी 142, 146 आणि 150. म्हणजे फरक फक्त 4 मिलिमीटरचा. कोऱ्या नोटेच्या कडेला उठावाच्या तिरक्या रेषा लागतात, पाचशेला पाच. पण वापरून मऊ झालेल्या नोटेवर त्या लागत नाहीत. म्हणून जाड पुठ्ठ्याची पट्टी काप, तिच्यावर तीन खाचा कर, आणि नोट तिच्यावर धरून मापायला शिकव. एकदा ओळखली की पाकिटात घड्या वेगळ्या: शंभर सरळ, दोनशेला एक घडी, पाचशेला दोन. रिझर्व्ह बँकेचं मणी अ‍ॅप 2020 पासून आहे, फोनमध्ये असू दे, पण दुकानाच्या गलक्यात त्याचा आवाज ऐकू येईलच असं नाही. वीसचं नाणं ओळखायला सोपं, त्याला बारा कोपरे आहेत.

थंडीचं एक सांगतो. अधिवेशन डिसेंबर-जानेवारीत असलं तर आया कानटोप्या आणि हातमोजे भरून देतात. कान झाकले की आपले अर्धे रस्ते बंद होतात. कान उघडे राहतील अशी टोपी दे, गळ्याला मफलर दे. ब्रेल वाचायच्या आधी तळवे चोळून बोटं गरम करायची. गारठलेल्या बोटाला ठिपके लागत नाहीत.

सभागृहात

तिथे हात वर केलेला अध्यक्षांना दिसेलच असं नाही, ते स्वतःही अंध असू शकतात. आपलं नाव मोठ्याने सांगायचं, मग गाव, मग प्रश्न. नुसती मान हलवली तर कुणाला कळत नाही. "हो", "नाही", "मी आलो", "मी निघालो", सगळं तोंडाने. हे डोळस मुलांच्या शाळेतून आलेल्या मुलांना जड जातं, त्यांचा सराव जास्त घे.

प्रत्येकाकडे एक प्रश्न हवा, आणि तो त्याच्या स्वतःच्या अडचणीतून आलेला हवा. दहावीच्या मुलांना परीक्षेतला लेखनिकाचा त्रास ठाऊक आहे, हक्कही ठाऊक हवेत. त्यांना सांग की 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सरकारी नोकरीत 4 टक्के आरक्षण आहे, त्यातला 1 टक्का अंध आणि अल्पदृष्टींचा. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार परीक्षेत तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ मिळायला हवा. अंध उमेदवाराला न्यायाधीशपदाची दारं बंद करता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये सांगितलं. एवढं माहीत असलं की मूल नुसती तक्रार करत नाही, कुठला हक्क डावलला गेला ते नेमकं दाखवतं. संघटनाही ओळखू देत: मुंबईत 1952 साली सुरू झालेली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड मुख्यतः सेवा देते, आपल्याकडची 1970 सालची नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड अंधांनी स्वतः चालवलेली, हक्कांसाठी भांडणारी.

प्रश्न दोन मिनिटांत बसवायचा. ब्रेल घड्याळाच्या काट्यावर बोट ठेवून वर्गात बोलायला लाव. ब्रेल पाटी आणि स्टायलस प्रत्येकाकडे हवेत, फोनची बॅटरी संपली तरी ते चालतात. ओळखी करायलाही उपयोगी. भारती ब्रेल 1951 पासून सगळ्या भारतीय भाषांना एकच, क म्हणजे एक आणि तीन नंबरचे ठिपके, मग मराठी असो की तमिळ. चेन्नईच्या मुलाने त्याच्या भाषेत लिहून दिलेलं नाव आपल्या पोराला वाचता येतं. फोन नंबर फोनमध्ये घ्यायचाच, कागदावरही घ्यायचा.

अंगाला हात

मदत करणारे स्वयंसेवक चांगले असतात, पण सवयीने ओढतात. मुलांनी म्हणायचं, "तुम्ही मला धरू नका, मी तुमचा हात धरतो." कोपराच्या वर धरायचं, अर्धं पाऊल मागे चालायचं. नको असेल तर "नको, धन्यवाद" म्हणायचा हक्क आहे. हे मुलींना सांगतोस तसंच मुलांनाही सांग. आपल्या तुकडीचा एक परवलीचा शब्द ठरव. कुणी येऊन "सरांनी बोलावलंय" म्हणालं तर आधी शब्द विचारायचा. शब्द आला नाही तर जागचं हलायचं नाही आणि मोठ्याने हाक मारायची.

मोजणी तू करू नकोस, मुलांनी स्वतः करावी. प्रत्येकाला नंबर दे, गाडीतून उतरताना, चढताना, सभागृहातून निघताना क्रमाने नंबर म्हणायचे. एखादा नंबर आला नाही की पुढचा मुलगा गप्प होतो आणि सगळ्यांना एकाच क्षणी कळतं. चुकलं तर भेटायची जागा हाताला, पायाला किंवा नाकाला कळेल अशी ठरव: जिन्याचा शेवटचा कठडा, चहाचा स्टॉल. "लाल फलकाखाली" असली जागा चालणार नाही. दोन फोन नंबर तोंडपाठ हवेत आणि खिशात छापील चिठ्ठी.

परत आल्यावर

आठवड्याच्या आत प्रत्येकाने शाळेपुढे उभं राहून बोलावं: कुणाला भेटला, कुठला प्रश्न विचारला, कुठे अडला. अडलेलंच जास्त सांगायला लाव आणि ते ब्रेलमध्ये उतरवून ठेव. पुढच्या वर्षीच्या मुलांची तयारी याच मुलांकडून करून घे. व्हरांड्यातली घंटा त्यांनी द्यावी, नोटा मापायला त्यांनी शिकवावं. काठ्यांची टोकं झिजलेली असतील, सामान लावायच्या आधी ती बदल.