देवाशी घरच्या भाषेत

शंका : सासूबाई गेल्यापासून देवपूजा माझ्याकडे आली. त्यांना विष्णुसहस्रनाम तोंडपाठ होतं. माझी जीभ संस्कृत उच्चारांवर अडखळते. म्हणून दिवेलागणीला देवासमोर बसून मी मनातलंच बोलते. गुडघ्यांचं दुखणं, नातीचा ताप, जाऊबाईंशी झालेली बोलाचाली. याला प्रार्थना म्हणायचं का? त्यातही मन भरकटतं, ते वेगळंच.
— एक वाचक, सातारा

समाधान : म्हणायचं, आणि निःशंकपणे म्हणायचं. आपल्याकडे असं बोलणं किमान सातशे वर्षं चालत आलं आहे. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईंचे अभंग काढून बघा. दळण, कांडण, शेण्या वेचणं, सगळं त्यांत आहे आणि विठ्ठल कामाला हाताशी आहे. त्या त्याला अरे-तुरे करतात, रागावल्या तर शिव्याही घालतात. चोखोबांना देवळात प्रवेश नव्हता. असा जन्म का दिलास, असा जाबच त्यांनी विठ्ठलाला विचारला. देवापाशी गाऱ्हाणं मांडणं गैर असतं, तर वारकऱ्यांनी हे अभंग जपले नसते.

जाऊबाईंबद्दल थोडं सविस्तर सांगतो. ‘देवा, तिला सुबुद्धी दे’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. त्यापेक्षा घडलं तसं सांगा. ‘पांडुरंगा, ती असं बोलली, मग मीही टाकून बोलले, आणि माझा राग अजून गेलेला नाही.’ इतकं खरं तोंडून निघालं की काय मागायचं ते आपसूक सुचतं. बहुतेक वेळा ते मागणं जावेसाठी नसतं, स्वतःसाठी असतं.

मन भरकटतं, तर ते जिथे जाईल तिथलंच बोला. नातीच्या तापाकडे गेलं तर ताप किती आहे, औषध कोणतं चालू आहे, तुम्हाला भीती कसली वाटते, हेही सांगा. बोलून झालं की लगेच उठू नका, थोडा वेळ गप्प बसा.

सासूबाईंची पोथी मात्र बासनात बांधून ठेवू नका. एकादशीला चार श्लोक सावकाश म्हणा, चुकले तरी चालतील. रोजच्या बोलण्याला पाच मिनिटं पुरेत. दिवेलागणीला सवड नाही मिळाली, तर भाजी निवडताना बोला.