सायकलींची रांग

(एकट्याने सायकल चालवणे आणि गटाबरोबर चालवणे यांत मोठा फरक आहे. गटात कोणती शिस्त लागते, ते या पाठात सांगितले आहे.)



समजा, तुम्ही आचऱ्याहून मालवणला सायकलने निघाला आहात. एकटे असाल, तर सारे तुमच्या मर्जीवर. तहान लागली की उतरता, दम लागला की थांबता. चूक झाली, तर तुम्हीच पडता.

आता तुमच्याबरोबर पाच मित्र आहेत. तुम्ही खड्डा चुकवता. पण मागच्या मुलाला तो दिसलेलाच नसतो, कारण त्याच्यापुढे तुमची पाठ असते. तुम्ही अचानक ब्रेक दाबला, तर तो तुमच्यावर आदळतो. एकाची चूक सर्वांना भोवते. म्हणून पुढच्याने मागच्यांचे डोळे व्हावे.

खड्डा असेल, त्या बाजूला हाताने खूण करा. थांबायचे असेल, तर आधी मोठ्याने सांगा. आपले पुढचे चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला नेऊ नका. तो जरा वळला, तरी चाकाला चाक लागते आणि बहुधा मागचाच पडतो. रस्त्याच्या डाव्या बाजूने एकामागे एक चाला. मध्ये एका सायकलीइतके तरी अंतर असू द्या. पावसाळ्यात ते वाढवा. ओल्या चाकावर ब्रेक उशिरा लागतो.

मग एवढी बंधने पाळून गटात का जायचे? सपाट रस्त्यावर वेगाने जाताना आपली बरीचशी शक्ती हवेशी झुंजण्यात खर्च होते. वेग दुप्पट झाला, तर हवेचा अडथळा चौपट होतो. पुढचा हवा कापतो आणि मागच्याला आडोसा मिळतो. शर्यतीत अगदी जवळून चालणाऱ्या मागच्या स्वाराची पाव ते एक-तृतीयांश शक्ती वाचते. म्हणून पुढे राहण्याची पाळी सर्वजण आळीपाळीने घेतात.

चढावर मात्र वेग कमी होतो आणि आडोशाचा उपयोग उरत नाही. तेथेच गटाची खरी परीक्षा होते. कॉलेजात असताना आम्ही असेच निघालो होतो. चढावर एक साथी मागे पडला. आम्ही वर पोचून गप्पा मारत बसलो. बराच वेळ तो आला नाही, तेव्हा परत गेलो. साखळीत पायजमा अडकून तो पडला होता. गुडघ्यातून रक्त येत होते. तो एवढेच म्हणाला, "मी नाही, हे कुणाच्या लक्षातच आले नाही का?" माझी मान खाली गेली.

2015 साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी केली. एक सायकल चालवी, तेव्हा दुसरा विश्रांती घेई.

आपल्या किनाऱ्यावर रापण ओढताना तुम्ही पाहिली असेल. दोन्ही दोर सारखे ओढावे लागतात. एकच बाजू पुढे धावली, तर जाळे वाकडे होते. गटाचेही तसेच आहे. सर्वांत मागच्याचा वेग तोच गटाचा वेग. मालवणला पोचल्यावर आधी घड्याळ पाहू नका, सोबती मोजा.

शब्दार्थ
वेग – रफ्तार
अंतर – फासला
खूण – इशारा
आडोसा – आड, ओट
आळीपाळीने – बारी-बारीने
रापण – किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायचे मोठे जाळे

स्वाध्याय
1. पुढच्या स्वाराने मागच्यांचे डोळे का व्हावे?
2. चढावर आडोशाचा उपयोग का उरत नाही?
3. लेखकाची मान खाली का गेली?
4. वाक्यात उपयोग करा : भोवणे, मान खाली जाणे.