पाळी चुकण्याआधीची साखर

पाळी चुकते, आठ-दहा दिवस वाट पाहिली जाते, मग घरच्या घरी तपासणी आणि त्यानंतर डॉक्टरांची वेळ. बहुतेक घरांत हा क्रम असाच असतो. पण जिला आधीपासून मधुमेह आहे, मग तो टाइप १ असो की टाइप २, तिच्यासाठी हा उशीर महागात पडू शकतो. गर्भ राहिल्यावर साधारण २२व्या दिवशी बाळाचं हृदय धडधडू लागतं. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतात, ती २८व्या दिवसाच्या सुमारास मिटते. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. पहिल्या सोनोग्राफीपर्यंत हे नाजूक काम बरंचसं उरकलेलं असतं.

आईच्या रक्तातली साखर बाळापर्यंत सहज पोचते, तिचं इन्सुलिन मात्र पोचत नाही. बाळाचं स्वादुपिंड स्वतःचं इन्सुलिन बनवू लागतं ते दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास. तोवर घडत्या पेशींना जादा साखरेचा मारा सोसावा लागतो. त्यातून हृदयाच्या पडद्याला छिद्र, मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल, पाठीचा कणा उघडा राहणं, मूत्रपिंडाचे दोष संभवतात. क्वचित कण्याचा खालचा भागच नीट तयार होत नाही. एरवी शंभरातल्या दोन-तीन बाळांत गंभीर जन्मदोष आढळतो. आईची साखर आधीपासून वाढलेली असेल तर हे प्रमाण कित्येक पटींनी वाढतं.

हे टाळता येतं, आणि म्हणूनच मी इतक्या कळकळीने लिहिते आहे. कॅलिफोर्नियातला एक अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. गर्भधारणेआधीच साखर आटोक्यात आणलेल्या स्त्रियांच्या ८४ बाळांपैकी एकात मोठा दोष निघाला. दिवस गेल्यावर उपचाराला आलेल्यांच्या ११० बाळांपैकी १२ जणांत.

म्हणून बाळाचा विचार मनात येताच, गर्भनिरोधक बंद करण्याआधी, एचबीए१सी, म्हणजे गेल्या काही महिन्यांतली सरासरी साखर, तपासून घ्या. एचबीए१सी साडेसहा टक्क्यांच्या खाली असावं, अर्थात साखर वारंवार फार खाली न जाता. दहाच्या वर असेल तर थांबा, आधी साखर उतरू द्या. रक्त कमी असेल किंवा घरात सिकलसेल असेल, तर हा आकडा फसवा निघू शकतो. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या बहिणींनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं. मग बोटातून थेंब घेऊन केलेल्या रोजच्या नोंदींवर भर द्यावा लागतो.

औषधांची सगळी पाकिटं पिशवीत घालून घेऊन या. रक्तदाबाची टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल, कोलेस्टेरॉलची अ‍ॅटोरव्हास्टॅटिन अशा गोळ्या गर्भासाठी चालत नाहीत, त्या आधीच बदलाव्या लागतात. इन्सुलिन चालतं, आणि त्याची भीती नको. फॉलिक अ‍ॅसिड इतरांपेक्षा जास्त, बहुधा ५ मिलिग्रॅम, गर्भ राहण्याआधी निदान महिना-दोन महिने सुरू हवं. डोळ्यांचा पडदा आणि लघवीतली प्रथिनं तपासून घ्या. गरोदरपणात दोन्हीकडचा त्रास बळावू शकतो.

नव्या सुनेने इन्सुलिनचं पेन फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या डब्यामागे लपवायचं आणि न्हाणीघरात दार लावून टोचून घ्यायचं, हे मी पाहिलेलं आहे. लपवाछपवीत डोस चुकतात. बाळाचा ओठ दुभंगलेला निघाला की ग्रहणात हिने काय चिरलं, याची चौकशी होते. साखर किती होती, हे कुणी विचारत नाही. सासूबाईंनो, ते पेन उघड्यावर ठेवू द्या. आणि नवऱ्याने तपासणीला सोबत यावं.

सहाव्या-सातव्या महिन्यात प्रथमच वाढणारी साखर ही वेगळी गोष्ट. तेव्हा अवयव घडून गेलेले असतात, त्यामुळे असे दोष सहसा होत नाहीत. मात्र आपल्याकडे कित्येकींचा जुना मधुमेह गरोदरपणातच पहिल्यांदा उघड होतो. आई-वडिलांना मधुमेह, वाढलेलं वजन, पीसीओडी किंवा मागच्या खेपेला साखर निघाली असेल, तर गर्भ राहण्याआधी तपासणी कराच.

आणि हे वाचताना तुम्हाला आधीच दिवस गेले असतील तर? घाबरून इन्सुलिन किंवा कुठलीही गोळी मनाने बंद करू नका. आजच फोन करून याच आठवड्यातली वेळ मागा, मधुमेह आहे हे पहिल्या वाक्यातच सांगा. अशा बहुतांश मातांची बाळं धडधाकट जन्मतात. अकरा ते तेरा आठवड्यांची सोनोग्राफी, अठरा ते वीस आठवड्यांची सविस्तर सोनोग्राफी आणि त्यानंतर बाळाच्या हृदयाची इको, या तिन्ही तारखा पहिल्याच भेटीत लिहून घ्या.