साक्षीच्या पिंजऱ्यापासून न्यायासनापर्यंत : मिफ्लिन गिब्ज

ज्याची साक्ष न्यायालय ऐकूनच घेत नाही, त्या माणसाचे कायद्यापुढे अस्तित्व ते काय? अमेरिकेतील मिफ्लिन विस्टार गिब्ज यांनी या प्रश्नाचे उत्तर आपल्या आयुष्याने दिले.

गिब्ज यांचा जन्म १८२३ साली फिलाडेल्फिया येथे स्वतंत्र कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. बालपणीच पितृछत्र हरपल्याने त्यांनी सुतारकाम शिकून घेतले. १८५० साली ते सॅन फ्रान्सिस्कोस गेले. परंतु गोऱ्या सुतारांनी त्यांच्यासोबत काम करण्यास नकार दिला. तेव्हा बुटांना पॉलिश करून त्यांनी पोट भरले आणि पुढे पीटर लेस्टर यांच्या भागीदारीत पादत्राणांचे दुकान काढले. एका गोऱ्या इसमाने लेस्टर यांना दुकानातच मारहाण केली. दाद मागण्याची सोय नव्हती. कारण गोऱ्या माणसाविरुद्ध कृष्णवर्णीयाची साक्ष कॅलिफोर्नियाचा कायदा ग्राह्य मानीत नसे. मताचा अधिकार नव्हता, कर मात्र द्यावा लागे. दोघांनीही तो कर देण्याचे नाकारले. १८५५ साली गिब्ज यांनी आपल्या समाजाचे ‘मिरर ऑफ द टाइम्स’ हे वृत्तपत्र सुरू केले.

१८५८ साली शेकडो कृष्णवर्णीयांनी कॅलिफोर्निया सोडून ब्रिटिश अमलाखालील व्हिक्टोरिया गाठले. गिब्ज त्यांच्यापैकीच एक होते. तेथे व्यापारात त्यांचा जम बसला आणि १८६६ साली ते नगरपरिषदेवर निवडून आले. अमेरिकेत गुलामगिरी संपल्यानंतर, वयाची पंचेचाळिशी उलटलेली असताना, त्यांनी मायदेशी परतून ओबर्लिन येथे कायद्याचे शिक्षण घेतले. १८७३ साली आर्कान्सामधील लिटल रॉक येथे ते नगर न्यायाधीश म्हणून निवडून आले. अशा पदावर निवडून आलेले ते अमेरिकेतील पहिले कृष्णवर्णीय मानले जातात. पुढे १८९७ मध्ये मादागास्कर येथे अमेरिकेचे वाणिज्यदूत म्हणून त्यांची नेमणूक झाली. १९१५ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते.

१८७३ हे वर्ष आपल्याही परिचयाचे आहे. त्याच वर्षी महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि ते गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले.

मात्र इतिहासाचा दुसरा धडाही विसरता कामा नये. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांना मिळालेले हे हक्क पुढील काही दशकांत पुन्हा हिरावले गेले. हक्क कागदावर आले म्हणजे ते कायमचे आपले झाले, असे नव्हे.

पालकहो, शिक्षणाचे वय सरले असे म्हणू नका. माजी विद्यार्थ्यांनो, या वसतिगृहातून बाहेर पडताना जी पदवी आपण घेऊन गेलात, ती ज्यांची साक्ष आजही कोणी ऐकत नाही त्यांच्या कामी येते काय, एवढे एकदा स्वतःस विचारून पाहा.