बोडी वगळू नकोस

मूल, जि. चंद्रपूर

चि. बाबूस,

तुझा नकाशा फोनवर चालवून पाहिला. घरच्या वायफायवर झकास उघडतो. पण ज्या ग्रामसभांसाठी तू तो करतो आहेस त्यांच्या जंगलात टॉवर मिळत नाही, आणि हा नकाशा बोट सरकवलं की सर्व्हरकडे नवं चित्र मागायला धावतो. जिओसर्व्हरकडून चित्रं मागवणं आधी सोड. फोनला रेषा आणि बिंदूच दे, रंग तो स्वतः भरेल. व्हेक्टर टाइल अगोदरच कापून एका एमबीटाइल्स फाइलमध्ये भर आणि ती मेमरी कार्डावरून, ब्लूटूथवरून हातोहात जाऊ दे.

हलकं करण्याचं अर्धं काम निव्वळ हिशोबाचं. तुझ्या तक्त्यात अक्षांश-रेखांशांना दशांशचिन्हापुढे पंधरा घरं आहेत. सहाव्या घराचीच किंमत जमिनीवर सुमारे ११ सेंटिमीटर. ऐन-मोहाच्या दाटीत फोनचा जीपीएस पाच-दहा मीटर सहज हलतो, मग पुढची नऊ घरं कोणासाठी? टाइलमध्ये हा पसारा आपोआप आवरतो. प्रत्येक टाइल साधारणपणे ४०९६ गुणिले ४०९६ च्या जाळीवर बसते आणि बिंदू मागच्या बिंदूपासून किती सरकला एवढंच लिहिलं जातं. मजकुरात ज्याला पस्तीस-चाळीस अक्षरं लागत, त्याला बहुधा दोन ते चार बाइट पुरतात. आपल्या अक्षांशावर झूम १४ ची टाइल साधारण २.३ किलोमीटरची, म्हणजे जाळीचं एक घर अर्ध्या मीटरच्या आसपास. दर झूमला टाइली चौपट होतात, तेव्हा १४ वर थांब. पुढचं मोठं करून दाखवणं फोनचं काम.

स्तंभही चाळ. पोस्टजीआयएस डेटाबेसमधून टाइल काढताना सगळा तक्ता उचलायची तुझी सवय वाईट आहे. नोंद कोणी केली, आकृतीची लांबी किती, हे जंगलात कोण विचारतो? गावाचं नाव, कक्ष क्रमांक, हद्दीचा प्रकार. पुष्कळ झालं.

उरलेलं अर्धं काम मात्र हिशोबाने होत नाही, आणि नेमकं तिथे तू यंत्रावर विसंबलास. टाइल कापणाऱ्या टिपेकॅनोला मोकळं सोडलं की खालच्या झूमवर ते बिंदू विरळ करतं, बारीक आकृत्या एकमेकींत मिसळून टाकतं. शहरातल्या इमारतींना ते चालतं. आपल्याकडे माजी मालगुजारी तलाव मोठे म्हणून टिकले, बोड्या, म्हणजे छोटी तळी, गेल्या आणि पाणवठेही गेले. मूलच्या राइस मिलवाल्याला विचार: कोंडा गेला पाहिजे, पण तांदळाची कणी होता कामा नये. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला माणसं पहाटे आत शिरतात, आणि उन्हाळ्यात वाघही पाण्याच्याच आसऱ्याला असतो. २०२५ च्या मेमध्ये सिंदेवाही तालुक्यात पत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. पाणी कुठे आहे हे तोडणाऱ्या बायांना तुझ्या नकाशावाचूनही ठाऊक असतं. नकाशा लागतो तो बदलून आलेल्या वनरक्षकाला आणि रात्री शोधायला निघालेल्यांना. म्हणून पाणवठे, बोड्या, पायवाटा आणि तेंदूच्या फळ्या (पत्ता गोळा करायच्या जागा) वेगळ्या थरात ठेव. कुठल्या झूमपासून काय दिसावं हे हाताने ठरव, आणि ठरवण्याआधी त्या गावात जाऊन बस.

हद्दींचं आणखी जपून कर. रेषा सोपी करायची डग्लस-प्यूकर रीत १९७३ सालापासून चालत आलेली आहे, तिच्यात खोट नाही. पण शेजारच्या दोन गावांच्या आकृत्या तू वेगवेगळ्या सोप्या केल्यास, म्हणून सामाईक शिवेवर कुठे फट पडली, तर कुठे एकाची हद्द दुसऱ्यात घुसली. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला, तो देशातल्या पहिल्या अशा हक्कांपैकी. तेव्हापासून गडचिरोलीत कितीतरी ग्रामसभांचे दावे मंजूर झाले आणि एकीची हद्द दुसरीला लागून आली. तुझ्या फटीतला बांबू कोणी तोडायचा, यावर दोन गावं भांडतील आणि पुरावा म्हणून तुझाच नकाशा दाखवतील. पोस्टजीआयएसच्या ३.४ आवृत्तीपासून सगळ्या लगतच्या आकृत्या एकत्र सोप्या करायची सोय आहे, ती वापर. आणि नकाशावर लिही की हद्दीचा वाद आला तर मूळ अभिलेखातली चतुःसीमा पाहावी.

नावांकडेही बघ. पुष्कळ नकाशा-इंजिनांना जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. वेलांटी भलतीकडे जाते, पाय मोडलेली अक्षरं सुटी उभी राहतात. ‘सिंदेवाही’ आणि ‘चंद्रपूर’ साध्या फोनवर उघडून पाहा. नीट उमटत नसतील तर इंजिन बदल, पण गावाचं नाव रोमन लिपीत टाकून मोकळा होऊ नकोस.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चित्र देताना तू फक्त दाखवत होतास, व्हेक्टर देताना माहितीच देऊन टाकतोस. नकाशाच्या शैलीत थर लपवला तरी तो फाइलमध्ये असतोच, उघडणाऱ्याला दोन मिनिटांत सापडतो. तुझ्या फाइलमध्ये कॅमेरा ट्रॅपची ठिकाणं तशीच पडून आहेत. शिकाऱ्याच्या हाती ती लागली तर? ती सर्व्हरवरच गाळ. देवस्थानाची जागा दाखवायची की नाही, हे ग्रामसभेला विचार आणि ‘नाही’ म्हणाले तर कारण विचारत बसू नकोस.

दुरुस्त फाइल पाठवशील तेव्हा तिच्या नावात तारीख घाल, जुनी आणि नवी एकाच गावात फिरू लागली की गोंधळ होतो. आणि मला वायफायवर तपासायला लावू नकोस, कार्डावर घालून पाठव. सावली तालुक्याकडे जाणं आहेच, वाटेत फोन विमान मोडवर टाकून बघतो.

ताईला नमस्कार.

तुझा,
मामा