चप्पल निसटली तेव्हा

साकोली,
भाऊबीजेनंतरचा चौथा दिवस

चि. बाळास,


फोनवर तू हसून विषय बदलतोस, म्हणून कागदावर लिहितो आहे. परवा मंडईच्या जत्रेत तुझा खोलीवरचा मित्र भेटला. दंडारीचा खेळ सुरू व्हायचा होता, आम्ही चहा पीत उभे होतो. बोलता बोलता तो सांगून गेला की तू अभ्यासिकेत खुर्चीवरच, पायावर पाय टाकून रात्रभर झोपलास, आणि त्याला आता बारा दिवस झाले तरी उजवा पाय बधिर तो बधिरच. एवढ्यावर थांबला असता तर मीही फार मनावर घेतलं नसतं. पण पुढे म्हणाला, जिना चढताना याची चप्पल पायातून निसटली आणि हा चार पायऱ्या तसाच वर गेला. मागच्या पोरानं हाक मारली तेव्हा याला कळलं.

मी दंडार न पाहताच घरी आलो.

काहून लपवलंस रे? आईनं विचारलं तर तिला म्हणालास, मुंग्या आल्या आहेत, जातील. मुंग्या मलाही ठाऊक आहेत. मांडी घालून जेवायला बसलं की येतात, पाय मोकळा केला की पाच-दहा मिनिटांत जातात. बारा दिवस राहतात त्या मुंग्या नव्हेत.

गुडघ्याच्या खाली, पायाच्या बाहेरच्या अंगाला हाडाचं एक बोंड लागतं. त्याच्या मानेला वळसा घालून एक नस पुढे उतरते. तिच्यावर मांसाची गादी नाही, नुसतं कातडं आणि थोडीशी चरबी. पायावर पाय टाकून झोपलं, किंवा तासन् तास उकिडवं बसलं, की ती हाडावर दाबली जाते. मग नडगीची बाहेरची बाजू आणि पावलाची वरची बाजू बधिर होते, पाऊल वर उचलत नाही, आणि चप्पल निसटते. बाळ, हीच नस मी बत्तीस वर्षं लोकांच्या पायाला चाचपत आलो. कुष्ठरोगाच्या कामात कोपराची, घोट्याची आणि गुडघ्याखालची ही, अशा नसा बोटांनी बघाव्या लागतात. जाड झाली आहे का, दाबली की दुखते का. डोळे मिटायला सांगून बॉलपेनच्या टोकानं हलकेच टेकवायचं आणि म्हणायचं, कुठं लागलं ते बोटानं दाखवा. जे दाखवू शकत नसत, त्यांना मी नेहमी पुढचा प्रश्न विचारी, चप्पल निसटली तर कळते का? तोच प्रश्न आज तुला विचारतो आहे.

घाबरू नकोस. तुझं ते नाही, असं मला वाटतं. तो रोग सहसा एका रात्रीत पाय बधिर करत नाही, तुझा मात्र झोपेतून उठल्यावर झाला. तरी अंगावर कुठं फिकट किंवा लालसर, न खाजणारा चट्टा आहे का, ते मित्राला पाठ दाखवून बघून घे. इथं एक जण म्हणाला, लाखोरीची डाळ खाल्ली असेल. लाखोरीनं दोन्ही पाय ताठरतात, बधिर होत नाहीत. लोकांचं सोड.

आता जे लिहितो ते तुला घरात कोणी सांगितलं नसेल. आजोबांच्या पायाची दोन बोटं बैलगाडीच्या चाकाखाली गेली, असं तू लहानपणापासून ऐकलंस. तसं झालं नव्हतं. १९९२ ची धानकापणी. बाबा संध्याकाळी बांधीतून आले आणि धुऱ्यापासून अंगणापर्यंत रक्ताचा माग. विळा पावलावरून ओढला गेला होता. बाबा छपरीत बसून त्या रक्ताकडे बघत मला विचारतात, "हे कोणाचं रे?"

मला तेव्हाच कळलं. नोकरीला सहा वर्षं झाली होती. गोंदिया तेव्हा भंडाऱ्यातच होता. त्या जंगलपट्टीत सायकलनं फिरून मी परक्यांच्या पायांना हात लावत होतो. ३० जानेवारीला शाळाशाळांतून सांगायचो की गांधीजींनी सेवाग्रामात परचुरे शास्त्र्यांची स्वतः सेवा केली. आणि स्वतःच्या बापाचं नाव रजिस्टरात लिहायला माझा हात उठला नाही. तुझ्या आईची सोयरीक चालू होती. पाहुण्यांच्या कानावर गेलं तर, ही एकच भीती. जखमेला मलमपट्टी केली आणि गप्प राहिलो. लग्न उरकून पावसाळा लागेपर्यंत सात-आठ महिने गेले. मग गोळ्या सुरू केल्या. फुकटच मिळत होत्या, दोन वर्षं चालल्या, रोग पुरता गेला. नस काही परत आली नाही. उरलेल्या आयुष्यात त्यांनी मागून पट्टा असलेली ती काळी चप्पल घातली. तू लहानपणी ती खाटेखाली लपवायचास आणि ते शोधत बसायचे. ते चिडले नाहीत कधी, तुझ्यावरही नाही आणि माझ्यावरही नाही. तुझ्या आईला हे सगळं माहीत आहे. तुझ्या पायाचं नाव निघालं की ती स्वयंपाकघरात जाते, ते यामुळं.

म्हणून म्हणतो, लपवू नकोस. परीक्षा पुढच्या वर्षीही येते.

हे पत्र मिळालं की आधी टाचांवर चालून बघ, बोटं वर उचलून. मित्राला व्हिडिओ काढायला सांग आणि मला पाठव. जमलं नाही तर त्याच दिवशी ससून रुग्णालयात जा. नसेतून विजेचा झटका कसा वाहतो, ते तपासतात. साखर आणि बी-ट्वेल्व्हही बघून घे. तुझ्या आईला साखर आहे, तुला माहीत आहे. कंबरेतून कळ येऊन लघवी अडली, किंवा पाय गार आणि पांढरा पडला, तर अर्ध्या रात्री रिक्षा कर, थांबू नकोस. आईनं गरम पाण्यात मीठ घालून शेकायला सांगितलं असेल, ते करू नकोस. बधिर कातड्याला भाजलेलं कळत नाही. रोज रात्री तळवा आरशात बघ.

नुसती दाबली असेल तर काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत नस जागी होते. आतून तुटली असेल तर दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते. गुडघ्यापासून पावलापर्यंत किती दिवस होतील, तूच मोज. पण वाढते, हे लक्षात ठेव.

फार बोललो का रे? पोळ्याला तू आलास तेव्हा तुझा शर्ट खांद्यावरून उतरत होता. मी बघितलं आणि काही बोललो नाही. माणूस झपाट्यानं वाळला की त्या नसेभोवतीची थोडीशी चरबीही जाते, मग तिला दाबायला एक रात्र पुरते. मेसचा एक डबा दोन वेळा पुरवतोस, हेही मित्रानंच सांगितलं. मला तेव्हाच विचारायला हवं होतं. पैशांची अडचण असेल तर सांगत जा बापा, मामा कशाला आहे? या महिन्यापासून मी पाठवतो, आईला कळवायची गरज नाही.

डॉक्टरांना दाखवून झालं की आठ दिवस घरी ये. महाराष्ट्र एक्सप्रेसनं ये, खालचा बर्थ घे, पाय सरळ करून झोप. भंडारा रोडला उतर. गाडी कितीही उशिरा आली तरी मी फलाटावर असेन, बॅग तू उचलायची नाही. नवा तांदूळ आला आहे, तुझ्यासाठी आईनं वेगळा काढून ठेवलाय.

रात्री छपरीत तुझा पाय मांडीवर घेईन. लहानपणी बोराटीचा काटा काढायला असाच घ्यायचो. सुई जवळ नेली की तू सारी आळी गोळा करायचास. यंदाही तसाच ओरडलास, तर मला किती बरं वाटेल.

तुझा,
मामा